अंदाजाचे गुण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मसालेभाताच्या पातेल्याजवळ असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला ओढून इथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे भिंगारात कुणापासून लपलेले नाही. म्हणून मी विद्वत्तेचे काही सांगणार नाही. माझ्या दोन मुलींच्या वकिलीच्या अर्जांची हकिकत तेवढी सांगते. एकीचा अर्ज भरायचा राहिला आणि दुसरीचा भरला गेला. दोघींचे गुण सारखेच बेताचे होते.

वकिलीचे वेड आमच्या घरात कसे शिरले ते आधी सांगायला हवे. माझे वडील वारले, त्यानंतर भावांनी मला तालुक्याच्या गावी नेले आणि एका कागदावर माझी सही घेतली. ते हक्कसोडपत्र होते. भावांविषयी माझी तक्रार नाही, मागितले असते तरी मी दिलेच असते. पण घरी आल्यावर थोरली, तेव्हा ती आठवीत होती, मला म्हणाली, "आई, तू कशावर सही केलीस?" मला सांगता येईना. मला वाचता येते, पण मी वाचले नव्हते. पुढे तिने कुठून तरी शोधून काढले की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क आपल्या महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला आणि साऱ्या देशात तो २००५ साली आला. "म्हणजे तू सही केलीस तेव्हा तुझा हक्क होता," असे म्हणून ती गप्प बसली. त्या दिवसापासून मोठेपणी काय होणार असे कुणी विचारले की ती वकील म्हणायची.

आता तिच्या नशिबी परीक्षा कशा आल्या पाहा. ती दहावीला बसली २०१९ साली. त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बोर्डाने काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो त्या वर्षी ७७.१० वर आला. आमच्या घरातही त्याचा फटका बसला. अकरावीच्या पहिल्या सत्रात तिला टायफॉइड झाला. दुसऱ्या सत्रात भरून काढीन म्हणत होती, तोच २०२० चा मार्च उजाडला आणि टाळेबंदी आली. दुसऱ्या सत्राची परीक्षा सरकारने रद्द केली. झाले, तापात लिहिलेल्या पेपरांचेच गुण तिच्या नावावर राहिले. आणि २०२१ साली तर बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीच्या सर्वांत चांगल्या तीन विषयांचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या चाचण्यांचे ४० टक्के, असा हिशेब करून गुण द्यायचे ठरले. लष्करातल्या भगिनींच्या मुलांना सीबीएसईकडूनही त्याच धर्तीवर गुण मिळाले होते, हे त्यांना आठवत असेल.

हे सूत्र वर्तमानपत्रात आले त्या संध्याकाळी आम्ही घरीच हिशेबाला बसलो. ह्यांच्या शिवणकामाच्या वहीच्या मागच्या पानावर थोरलीने आकडे मांडले. उत्तर आले ५३. ह्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक शिकलेले गृहस्थ कपडे टाकायला आले होते, त्यांना आम्ही विचारले. ते म्हणाले, "५३ ला वकिलीला कोण घेतो? तिथे नव्वदवाल्यांची रांग असते. बी.कॉम. करा, पोरगी हिशेब लिहील कुठेतरी." ते वाईट बोलले नाहीत, त्यांना तसेच वाटत होते. आम्हालाही तसेच वाटले. तीन ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा ५८ टक्के पडले. कॉलेजातले तोंडी-प्रकल्पांचे गुण आमच्या वहीत धरायचे राहूनच गेले होते. पण ५८ तरी काय, असे म्हणून आम्ही पुन्हा कुणाला विचारले नाही. वकिलीची सीईटी त्या साली ऑक्टोबरात झाली. तोवर थोरली बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात बसत होती. ती एका शब्दाने रडली नाही. रडली असती तर मी कदाचित हललेही असते.

भगिनींनो, नियम काय होता ते मला चार वर्षांनी कळले. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणासाठी खुल्या वर्गातल्या मुलांना बारावीला ४५ टक्के लागतात. इतर मागास वर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० लागतात. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो, म्हणजे आम्हाला ४२ हवे होते. आमच्या चुकलेल्या हिशेबानेसुद्धा थोरली अकरा गुणांनी उंबरठ्याच्या आत होती! उंबरठ्याच्या आत आल्यावर पुढची रांग बारावीच्या गुणांवर लागत नाही, ती सीईटीच्या गुणांवर लागते. २०१६ पासून आपल्या राज्यात हीच रीत आहे. नव्वदवाली मुलगी आणि ५३ वाली मुलगी एकाच दिवशी तेच प्रश्न सोडवतात. हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते आणि आम्ही छापील नियम कधी उघडले नाहीत.

उंबरठा मात्र खराखुरा आहे, तेही सांगून ठेवते. ४५ लागत असतील आणि ४४.९० पडले असतील तर ते ४५ धरत नाहीत. तेव्हा सीईटीच्या नादात बारावीकडे पाठ फिरवून चालत नाही.

गुणांचा अंदाज बांधायची खोड आपल्यालाच आहे असे नव्हे. शेजारच्या वहिनींचा भाचा लंडनला असतो, त्याने एकदा समजावून सांगितले. विलायतेत मुले विद्यापीठात अर्ज करतात तेव्हा त्यांची शेवटची परीक्षा झालेलीच नसते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा, परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात आणि निकाल ऑगस्टात. मधल्या काळात शिक्षकांनी लिहून दिलेल्या अंदाजावर जागा देऊ करतात. अंदाज कमी असेल तर कायद्यासारख्या चुरशीच्या शाखेचे दार तिथेच लागते. कित्येक विद्यापीठे त्यासोबत एलनॅट नावाची कायद्याची वेगळी परीक्षा घेतात, तो एक आधार. २०१६ साली तिकडे या अंदाजांचा अभ्यास झाला, तेव्हा १०० तील अवघ्या १६ मुलांचा अंदाज बरोबर निघाला आणि पाऊणशेंचा प्रत्यक्षापेक्षा जास्त. तिकडचे मास्तर मुलांना चढवून ठेवतात म्हणायचे, आणि आपण आयाबाप घरी बसून उतरवतो. २०२० साली तिकडेही परीक्षा झाली नाही. यंत्राच्या हिशेबाने गुण दिले, त्यात शिक्षकांनी दिलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी खाली ओढल्या गेल्या. मुले रस्त्यावर आली आणि चारच दिवसांत सरकारला शिक्षकांचे अंदाज मान्य करावे लागले. आमच्या घरी रस्त्यावर यायला कुणी नव्हते. वही मिटली, प्रकरण संपले.

धाकटी बारावीला २०२५ साली बसली. जानेवारीतल्या सराव परीक्षेत तिला ४९ टक्के पडले. अंगात ताप नव्हता, टाळेबंदीही नव्हती, अभ्यासच केला नव्हता. खोटे कशाला बोलू? तिनेही वकिलीचे नाव काढले. मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "या वेळी वहीत हिशेब नको. आधी नियम वाचू." तिने सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका मोबाईलवर उघडली आणि दोन रात्री मला मोठ्याने वाचून दाखवली. मला निम्मे कळले. त्या निम्म्याने काम झाले.

त्याआधी धाकटीने क्लॅटही देऊन पाहिली होती, तीही थोरलीच्याच हट्टाने. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली आणि देशातली बाकीची बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठे या परीक्षेने मुले घेतात. परीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे बारावीच्या कितीतरी आधी. बारावीला बसणार असलेल्या मुलांना ती देता येते. फी चार हजार रुपये. ह्यांनी दोन गणवेशांची शिलाई त्यात घातली. प्रश्नपत्रिका सगळी इंग्रजीत, दोन तासांत १२० प्रश्न, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. धाकटी सपशेल आपटली. चार हजार गेल्याचे मला वाईट वाटले, ते मी तिला बोलूनही दाखवले. बोलायला नको होते.

राज्याची सीईटी एप्रिलअखेर होती. तिच्यातही दोन तासांत १२० प्रश्न असतात, पण ते इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत येतात, आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सोडला तर तो मूर्खपणा. कायद्याची समज, तर्क, सामान्यज्ञान, इंग्रजी आणि थोडे गणित, असे पाच भाग. बारावीची परीक्षा मार्चात आटोपली. हातात महिना-सव्वा महिना होता. शिकवणीला घालायला पैसे उरले नव्हते. तेव्हा थोरली झाली मास्तरीण आणि मी झाले विद्यार्थिनी नंबर दोन.

कायद्याचे प्रश्न कसे असतात त्याची गंमत सांगते. आधी एक नियम देतात, मग एक हकिकत देतात, आणि नियम हकिकतीला लावून निकाल सांगायचा असतो. थोरलीने एक प्रश्न रचला. नियम असा की दुसऱ्याच्या जागेत परवानगीवाचून पाऊल टाकले तर तो अतिक्रम, नुकसान झालेले असो वा नसो. हकिकत अशी की एका म्हातारीची शेळी शेजारच्या वाड्यात शिरली, म्हातारी तिला आणायला न विचारता आत गेली, कशालाही हात न लावता शेळी घेऊन बाहेर आली. अतिक्रम झाला का? मी भाकरी थापता थापता म्हणाले, "अगबाई, यात कसला अतिक्रम? शेळी तिची, म्हातारी बिचारी!" थोरली म्हणाली, "शून्य गुण. नियमात म्हातारपण कुठे लिहिले आहे?" मी म्हटले, "मग तुझा नियमच वाईट आहे." ती म्हणाली, "असेल. तो बदलायचे काम वेगळ्या लोकांचे. परीक्षेत दिला तो नियम लावायचा, आपली दया मध्ये आणायची नाही." आठवडाभर मी रोज दयेने चुकत होते. नंतर एके दिवशी लागोपाठ पाच बरोबर आले, तेव्हा ह्यांनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिले. धाकटीला या भागात पुढे चांगली गती आली. पुस्तकी पाठांतरात मागे पडणाऱ्या कित्येक मुलांचे डोके इथे चालते, असे मला दिसले. सामान्यज्ञानासाठी शेजारून आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र आणायचे आणि दुपारी मी प्रश्न विचारायचे, एवढीच आमची शिकवणी.

सीईटी झाली आणि पाच मे रोजी बारावीचा निकाल लागला. धाकटीला ५७ टक्के. सराव परीक्षेच्या ४९ वर विसंबून आम्ही अर्जच भरला नसता, तर निकालाच्या दिवशी परत हळहळत बसलो असतो, कारण परीक्षा होऊन गेली होती. सीईटीत ती फार वर गेली असे नाही, बरी गेली. प्रवेशाच्या फेरीत महाविद्यालयांची पसंती क्रमाने लिहायची असते. पहिल्या नंबरला तिने पुण्याचे आयएलएस लिहिले, जे १९२४ पासून चालू आहे. ते मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होते. पण पसंती लिहायला काय जाते? खाली आपल्याला खरोखर चालतील अशी नावे लिहून ठेवली. तिला अकरावी पसंती मिळाली, पुण्यातच. नामांकित नाही, पण तिथून निघालेल्या वकिलालाही कोर्टात काळा कोट तोच मिळतो.

फीबद्दल दोन शब्द, कारण बायका मला तेच विचारतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी २०२४ च्या जुलैपासून सरकार सगळी भरते. आधी निम्मी भरत असे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे मोजून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. कुणी दलाल "जागा करून देतो" म्हणत दाराशी आला, तर आधी ही गोष्ट आठवा. दाखले मात्र वेळेवर हवेत: अधिवास, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेयर. जात वैधतेचा दाखला तर महिनोन्‌महिने घेतो, मुलगी अकरावीला गेली की त्याच्या मागे लागा. आमचा वैधतेचा दाखला फेरी सुरू व्हायच्या आठच दिवस आधी हाती आला. त्या आठवड्यात मी देवाला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखे नाही.

लष्करी कुटुंबांतल्या भगिनींसाठी एक माहिती राहिली. मोहालीला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ लॉ आहे, तिथल्या बहुतेक जागा सैनिकांच्या मुलांसाठी ठेवलेल्या असतात. बदलीच्या धावपळीत हे ध्यानात राहत नाही.

त्या गृहस्थांना मी नंतर एकदा भेटले. धाकटीचे कळल्यावर ते म्हणाले, "पण हुशार मुलांच्या हक्काच्या जागा अशाने जातात." मी तेव्हा काही बोलले नाही. उत्तर मला घरी आल्यावर सुचले, नेहमीप्रमाणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. थोरलीने टक्के काढले तर ते ३८ सुद्धा भरत नाहीत. त्या वेळची परीक्षा आणि आजची परीक्षा एका तराजूत घालता येत नाहीत हे मला कळते. पण ते पुढे बॅरिस्टर झाले आणि १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. याउलट नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचे पाहा. पदवीला त्या पहिल्या आल्या होत्या. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या गुणांवर मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली. लोकांनी वर्गणी केली तेव्हा त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली, पण बायकांना पदवी द्यायचे ऑक्सफर्डने १९२० साली मनावर घेतले, आणि आपल्या देशात बायकांना वकिलीची मोकळीक १९२३ च्या कायद्याने मिळाली. तेव्हा गुण भरपूर असूनही दार बंद असायचे. हे सगळे त्या गृहस्थांना सांगायचे होते, पण ते आता कपडे दुसरीकडे टाकतात.

थोरलीचे राहिलेच. ती २०२४ साली बी.कॉम. झाली आणि एका दुकानात खरोखरच हिशेब लिहिते. तिला वाटायचे आपली वेळ गेली. धाकटीसाठी पुस्तिका वाचताना तिलाच दिसले की पदवीनंतर तीन वर्षांची वकिली असते, तिलाही पदवीचे टक्के तेच, ४५, ४२ आणि ४०, आणि तिचीही वेगळी सीईटी असते. धाकटी वसतिगृहात गेली त्या रात्री ती मला म्हणाली, "आई, माझाही भरू का?" मी विचारले, "पदवीला किती पडलेत?" म्हणाली, "६१." वही काढायची गरज पडली नाही. दुकानातून सातला येते, जेवते आणि बसते. शेळीचे प्रश्न आता मी तिला घालते. तिची परीक्षा अजून व्हायची आहे.

यात एक आडकाठी आहे, ती मंडळातल्या ज्या भगिनी मुक्त विद्यापीठातून शिकत आहेत त्यांच्यासाठी सांगते. वकिलीला दहावी, बारावी, मग पदवी अशा पायऱ्या चढून आलेले लागते. दहावी-बारावी न करता थेट पदवी घेतली असेल तर ती इथे चालत नाही. माझ्याही मनात एकदा येऊन गेले होते, म्हणून मी थोरलीला हे विचारून घेतले. ती हसली नाही. "आधी दहावीचा अर्ज भरावा लागेल," एवढेच म्हणाली. सतरा नंबरचा अर्ज म्हणतात त्याला, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा. तो कोणत्या महिन्यात निघतो त्याची मी चौकशी चालवली आहे.

दाखल्यांची यादी थोरलीने मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे. ज्यांना हवी त्यांनी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे, तोवर माझी भांडी आटोपलेली असतात. मुलीला बरोबर आणा, आणि तिचे सराव परीक्षेचे गुणपत्रक घरी ठेवून या.